चालू गाडीला चावी

कावीळ झाली म्हणून मी नगरचं हॉस्टेल सोडून काष्टीला घरी आले, तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की दोन आठवड्यांत ही परत जाईल. प्रत्यक्षात मी जवळजवळ अख्खा हिवाळा घरी काढला. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष होतं. डॉक्टरकीला जाण्याएवढे मार्क मला पडले नव्हते, आणि त्याबद्दल अण्णा मला एका शब्दानेही बोलले नव्हते. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटायचं. अण्णा म्हणजे माझे वडील, गावात डॉक्टर होते. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं त्यांच्याकडे यायची आणि ज्यांना येता यायचं नाही त्यांच्याकडे अण्णा गाडी घेऊन जायचे. घराची पुढची खोली म्हणजे दवाखाना, मागे स्वयंपाकघर आणि मधल्या खोलीत मी, पिवळ्या डोळ्यांनी छताकडे बघत पडलेली. दवाखाना आणि माझी खोली यांच्यामध्ये फक्त एक जाडा निळा पडदा होता.

काविळीचं पथ्य म्हणजे तेल बंद, तिखट बंद. मला मऊ भात, ताक, लाह्या आणि फडातून आलेल्या ताज्या उसाचा रस. कारखान्याचा हंगाम चालू होता, त्यामुळे रसाला तोटा नव्हता. पण आई मागे हुलग्याची शेंगोळी करायची, पिठात लसूण आणि लाल तिखट मळायची, पोळपाटावर हाताने वळून त्याची कडी करायची, आणि ती उकळायला लागली की तो वास पडद्यांना न जुमानता घरभर फिरायचा. मी ताटातल्या पांढऱ्या भाताकडे बघत बसायचे. आई म्हणायची, "वासानं कावीळ वाढत नाही, घे हवा तेवढा."

पडून राहणाऱ्या माणसाला ऐकण्यावाचून दुसरं काम नसतं. सकाळी आधी चक्कीचा पट्टा सुरू व्हायचा, मग दौंडकडे जाणारी गाडी शिट्टी देऊन जायची, मग उसाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या खडखडत निघायच्या. त्यानंतर अण्णांचा रेडिओ लागायचा, इतका मोठा की समोरच्या घरातल्या काकूंना स्वतःचा लावावा लागत नसे. मग आईचा आवाज. हॉस्टेलला जाण्यापूर्वीची माझी आई हळू बोलणारी होती. आता ती सगळंच ठणकावून बोलत होती. "चहा झालाय!" हेसुद्धा कुणाशी भांडण काढल्यासारखं. मी मनात म्हटलं, वय वाढलं की बाया चिडचिड्या होतात. वीस वर्षांच्या मुलीला जगाबद्दल जेवढी खात्री असते तेवढी पुढे कधीच कुणाला नसते.

आणि मग गाडी. आमची गाडी पांढरी, बोजड, गोल पाठीची होती. अण्णांनी ती दौंडच्या एका निवृत्त स्टेशनमास्तरांकडून घेतली, तेव्हाच ती बरीच वापरलेली होती. सगळं गाव तिला ‘बगळी’ म्हणायचं. त्या हिवाळ्यात बगळीला एक विचित्र दुखणं लागलं होतं. रस्त्याला लागली की ती गुमान पळायची. पण उभी राहिली, पायाखालचा अॅक्सिलरेटर सुटला, की सगळं अंग थरथरायला लागायचं. दारांच्या काचा वाजायच्या, आरसा इतका हलायचा की त्यात एकाचे तीन चेहरे दिसायचे, आणि मग दोन आचके देऊन इंजिन बंद. बाजारच्या दिवशी बैलांच्या आणि माणसांच्या गर्दीतून गाडी काढायची म्हणजे दर दहा पावलांवर ती मरायची. एकदा तर एका बैलानं तिच्या बॉनेटवर हनुवटी टेकवून रवंथ केला होता म्हणे.

गावात गाडीचं काम जाणणारे एकच, गुलाबभाई. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. ट्रक आणि ट्रॅक्टर हा त्यांचा खरा धंदा. बगळीला ते, घरचं म्हातारं माणूस बघायला यावं तसे येत. पेन्शनरांसारखा चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि हात नेहमी चिंधीत पुसत असलेले. त्यांनी प्लग काढून घासले, पॉइंट साफ केले, कार्बोरेटर उघडून पेट्रोलनं धुतला. दोनतीन फेऱ्या झाल्या. फरक नाही. शिवाय त्यांची एक वेगळीच तक्रार होती. कार्बोरेटरला एक स्क्रू असतो, गाडी उभी असताना इंजिन किती जोरात चालावं ते त्यानं ठरतं. गुलाबभाई तो बरोबर जागी लावून जायचे आणि पुढच्या वेळी येऊन बघावं तर तो चांगला दीड-दोन आटे आत फिरलेला. तेव्हा उभी गाडी बंद पडेपर्यंत नुसती डरकाळ्या फोडायची.

"ह्यो स्क्रू कोन फिरवतंय, वैनी?" त्यांनी आईला विचारलं. "आपोआप तर फिरायचा न्हाई."

आई म्हणाली, "मला काय ठाऊक बाई," आणि लगबगीनं आत गेली. तिचं ते लगबगीनं जाणं मला तेव्हा दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

डोळ्यांचा पिवळेपणा उतरायला लागला तशी मला अंगणात बसायची परवानगी मिळाली. एका सकाळी गुलाबभाई आले, ते निश्चय करूनच आले होते. "आज हिचं काय दुखतंय ते समजल्याबिगर जायचं न्हाई," म्हणाले. मी स्टूल ओढून बॉनेटजवळ बसले. कॉलेजात आम्ही इंजिनाची चित्रं काढली होती, बाण दाखवून नावं लिहिली होती, पण चालू इंजिनाच्या इतक्या जवळ मी कधी गेले नव्हते. गुलाबभाईंनी आधी माझ्या ओढणीकडे बोट दाखवलं. "ती बांधा कमरेला. पंखा वढून घेईल." मग चिंधी गुंडाळलेल्या पकडीनं त्यांनी एका प्लगची वायर उपसली. इंजिन आणखीच लंगडलं. वायर परत बसवली, दुसरी उपसली. तसंच लंगडलं. तिसरी, चौथी. दर वेळी तेवढंच.

"काय समजलं, ताई?"

"काहीच फरक नाही पडला. म्हणजे चारहींत सारखाच पडला."

"मंग? चारी बैल सारखंच वढत्यात. एकांदा बैल लंगडा असता तर त्याला सोडल्यावर गाडीला फरक पडला नसता. म्हंजे बैलाचा दोष न्हाई. चाऱ्याचा हाय." ते वाकून इंजिनाकडे बघत राहिले. "पेट्रोल आन् हवा मापात मिसळून आत जाया पायजे. ही कुटनं तरी चोरून हवा पितीय. पळताना लई हवा लागती, तवा चोरलेली कळत न्हाई. हुबी राह्यली की कळती."

हा हिशेब मला फार आवडला. पुढे मी तीसेक वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण ‘आधी काय बिघडलं नाही ते ठरवा’ हा धडा मला पुस्तकानं नाही, गुलाबभाईंनी दिला. आता माझ्या सुनेची गाडी सिग्नलला उभी राहिली की स्वतःच बंद पडते आणि स्वतःच सुरू होते. काही बिघडलं तर गॅरेजवाला तिला एक यंत्र जोडतो आणि पडद्यावर आकडा येतो. सोयीचं आहे. पण तो मुलगा इंजिनाकडे बघतसुद्धा नाही, याचं मला वाईट वाटतं.

गुलाबभाईंनी सांध्यांवर थेंबथेंब पाणी सोडून पाहिलं. रबरी नळीचा एक तुकडा कानाला लावून ऐकलं, पण पंख्याच्या आणि इंजिनाच्या आवाजात त्यांना काही लागेना. तेव्हा मला सुचलं. अण्णांचा जुना स्टेथोस्कोप माझ्या कपाटात होता. लहानपणी अण्णांनी तो मला खेळायला दिला होता, आणि खेळता खेळता शिकवलंही होतं. रात्री जेवण झाल्यावर ते माझ्या कानात नळ्या घालून, चकती स्वतःच्या छातीवर ठेवून म्हणायचे, "हा निरोगी छातीचा आवाज. झाडीतनं वारा गेल्यासारखा. आजारी छाती वेगळी वाजते. वाळक्या पानांवरनं कुणी हळूच चालत गेल्यासारखी." दवाखान्यात कुणाची छाती भरलेली असली आणि त्या माणसाची हरकत नसली तर मला बोलावून तेही ऐकवायचे. मी डॉक्टर होईन हे त्यांनी तेव्हाच धरून ठेवलं असावं.

मी स्टेथोस्कोप आणला, त्याची चकती काढून टाकली आणि उघड्या नळीचं तोंड इंजिनावर एकेका जागी नेऊ लागले. आधी नुसता गोंगाट. मग कार्बोरेटरच्या खाली, आत हवा जाते तिथे एक बोटभर जाडीची रबरी नळी जोडलेली होती, तिच्या खालच्या अंगाला नळीचं तोंड गेलं, आणि एकदम कानात बारीक, अखंड फुत्कार आला. दचकून मी हातच मागे घेतला. परत नेला. परत तेच.

"गुलाबभाई! इथं. सापासारखं फुसफुसतंय."

त्यांनी बोटानं चाचपलं. नळी वरून धडधाकट दिसत होती. खालून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, तिला नखाएवढी उभी चीर होती. "दाबा तिच्यावर अंगठा," ते म्हणाले. मी डाव्या हाताचा अंगठा चिरेवर दाबला. आणि काय सांगू, बगळीची थरथर थांबली. काचा गप्प. आरशात माझा एकच चेहरा. मी अंगठा काढला की ती थरथरायची, दाबला की शहाण्यासारखी चालायची. मी चारपाच वेळा तो खेळ केला. कावीळ, चुकलेले मार्क, पांढरा भात सगळं विसरले.

तेवढ्यात अण्णा एक पेशंट संपवून बाहेर आले. मी ओरडूनच सांगितलं, "अण्णा, सापडलं! स्टेथोस्कोपनं सापडलं! सापासारखा फुत्कार येतोय, ऐका!" अण्णांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. ते वाकले, त्यांनी नळ्या कानांत घातल्या. उजव्या हातानं मी नळीचं तोंड चिरेजवळ धरलं. अण्णांनी डोळे मिटले, छाती ऐकताना मिटत तसे. दोनतीन सेकंद गेले.

"वा," ते म्हणाले. "स्पष्ट. अगदी सापासारखा."

मी हसले आणि खाली पाहिलं. माझा डावा अंगठा चिरेवरच दाबलेला होता. अण्णा आल्यापासून तो मी काढलाच नव्हता. इंजिन संथ चालू होतं. कुठेही काही फुसफुसत नव्हतं.

मी वर पाहिलं, तर गुलाबभाई माझ्या अंगठ्याकडेच बघत होते. आमची नजरानजर झाली. त्यांनी लगेच मान वळवली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खोक्यातल्या पान्यांमध्ये काहीतरी शोधायला लागले. अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "शाबास," म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

गुलाबभाईंनी नव्या नळीचा तुकडा कापून बसवला, दोन्ही बाजूंनी पट्ट्या आवळल्या, स्क्रू पुन्हा जागेवर आणला. पाण्यानं भरलेला पेला बॉनेटवर ठेवून दाखवला. पाणी हललं नाही. जाताना ते माझ्याजवळ थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब चालू गाडीला परत चावी मारत्यात, ताई. लई दिसांपासनं. मी कुणाला बोललो न्हाई." एवढं बोलून ते सायकलवर बसून गेले.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीत उभी राहून पाहिलं. अण्णा गाडीत बसले, चावी फिरवली, इंजिन पहिल्याच फटक्यात लागलं आणि शांत चालू झालं. अण्णा थोडा वेळ थांबले. मान जराशी तिरपी केली. मग त्यांनी चालू इंजिनालाच पुन्हा चावी मारली. दातांवर दात घासावेत तसा कर्रकन आवाज आला. त्यांनी पटकन हात काढला, इकडेतिकडे पाहिलं, आणि गाडी काढली. स्क्रू कोण फिरवत होतं ते मला कळलं. गाडी मोठ्यानं चालावी, म्हणजे ती चालू आहे हे आपल्याला कळावं, एवढंच त्यांना हवं होतं. नळीची चीर हे एक दुखणं होतं आणि त्याच्यावर बसलेलं हे दुसरं. पहिलं गेल्यावर दुसरं उघडं पडलं.

मी स्वयंपाकघरात गेले. आई चुलीपुढे बसून वांगं भाजत होती. मी विचारलं, "आई, अण्णांना ऐकू येत नाही?"

तिनं वांगं फिरवलं. वर पाहिलं नाही. "येतं की. कमी येतं."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील. तू नगरला गेलीस त्याच्या पुढे-मागे." मग तीच म्हणाली, "मी ओरडून बोलते म्हणून तुला मी भांडकुदळ वाटते ना? ओरडले नाही तर त्यांना परत विचारावं लागतं. परत विचारायची त्यांना लाज वाटते. मग ते अंदाजानं उत्तर देतात, आणि चुकतं."

"आणि पेशंट?"

"मी बसते ना आत. गोळ्यांच्या पुड्या बांधते आणि पेशंटचं बोलणं मोठ्यानं परत म्हणते. ‘अगं बाई, तीन दिवस ताप का?’ असं. त्यांना कळतं, पेशंटलाही काही वाटत नाही."

मला आठवलं. पडद्यापलीकडून मी महिनाभर हे ऐकत होते आणि आईला लोकांच्या दुखण्यात नाक खुपसायची सवय लागली असं समजत होते. "अगं पण आई," मी म्हटलं, "बोलणं तू परत सांगशील. छातीतलं कोण सांगणार?"

आईचा हात थांबला. वांग्याची साल करपायला लागली होती. "तेवढं मी मनात येऊ देत नाही," ती म्हणाली.

आठवडाभर मीही येऊ दिलं नाही. हे मी आज कबूल करते. मी पडून राहायचे, ऐकायचे, आणि प्रत्येक खोकला मोजायचे. अण्णांना सांगायचं तर काय सांगायचं? ज्यांनी मला ऐकायला शिकवलं त्यांना? मी मनाशी म्हणायचे, ते नुसत्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखतात, नाडी बघतात, जीभ बघतात, पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. आणि हे खोटंही नव्हतं.

मग हिराबाई आली. दोन कोसांवरच्या एका वस्तीवरची, घरची शेती करणारी बाई. कडेवर चार वर्षांची मंगल होती. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. पोरीचं डोकं आईच्या खांद्यावर पडलेलं, डोळे अर्धे मिटलेले.

"चार दिस झालं खोकतीया, डॉक्टरसाहेब. कालपासनं दूध बी घीना."

"चार दिवस खोकला, आणि कालपासून दूध घेत नाही का गं बाई!" आईचा खणखणीत आवाज आला. अण्णांनी मंगलला टेबलावर बसवलं, तिच्याशी गोड बोलले, चकती आधी तळहातावर घासून ऊबदार केली, आणि छातीला, पाठीला लावून डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "छाती स्वच्छ आहे. नुसती सर्दी आहे. औषध देतो."

मी पडदा बाजूला केला. अजूनही मला कळत नाही की ते धाडस होतं की क्रूरपणा. तिथे आई होती, हिराबाई होती, बाकावर आणखी दोन माणसं होती. त्यांच्यादेखत मी म्हटलं, "अण्णा, परत ऐका ना."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना शब्द ऐकू आले की नाही ठाऊक नाही, पण माझा चेहरा त्यांनी वाचला. मी पुढे झाले आणि हात पुढे केला. त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून माझ्या हातात दिला. तो देताना त्यांच्या बोटांना जो थोडा वेळ लागला, तो मला आजही दिसतो.

मंगलच्या पाठीवर, उजव्या बाजूला खाली, वाळकी पानं होती. शंका घ्यायला जागा नव्हती. मी डॉक्टर नव्हते, कुणीही नव्हते, पण तो आवाज मला स्वतः अण्णांनीच ओळखायला शिकवला होता. मी त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश, ओठ स्पष्ट हलवत म्हटलं, "उजवीकडे खाली. पानं वाजतायत."

अण्णांनी मंगलचा झगा वर केला आणि नुसतं पाहिलं. आता डोळे मिटले नाहीत. श्वास घेताना तिच्या बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता, नाकपुड्या फुगत होत्या. घड्याळ काढून त्यांनी तिचे श्वास मोजले. मग उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दौंडला न्यायला हवं. लगेच. हिराबाई, चल गाडीत बस. तू पण चल." शेवटचं वाक्य मला होतं.

मागच्या सीटवर हिराबाई पोरीला पदरात घेऊन देवाचं नाव पुटपुटत होती. बगळी सुरेख पळत होती. दौंड जवळ आलं आणि रेल्वेचं फाटक बंद. पुढे दोन ट्रॅक्टर, एक एस.टी. त्यांनी आपापली इंजिनं बंद केली आणि सगळीकडे एकदम शांतता झाली. त्या शांततेत मला मागून मंगलचा श्वास ऐकू येत होता, आणि गाडीचं इंजिन, ज्याला गुलाबभाईंनी बोलायचंच नाही असं शिकवलं होतं, ते मऊ चालत होतं. अण्णांनी मान तिरपी केली. हात चावीकडे गेला. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"चालू आहे, अण्णा."

त्यांनी हात तसाच ठेवला. मालगाडी आली. डब्यामागून डबा धडधडत जाऊ लागला, आणि त्या आवाजातच अण्णा बोलायला लागले, समोर बघत. "हे येतं मला. हे डबे वाजतायत ते. शिट्टी नाही आली. जाड आवाज राहिलेत, बारीक गेले. पाखरं गेली. घड्याळ गेलं." मग म्हणाले, "छातीचं, मला वाटत होतं, थोडं तरी येतंय. येत नव्हतं. आठवत होतं. निरोगी छाती कशी वाजते ते आठवत होतं, आणि तेच ऐकतोय असं वाटायचं."

मी काहीतरी धीराचं बोलायला गेले. ते म्हणाले, "नको. आणखी किती मंगल येऊन गेल्या असतील ते मला मोजू दे."

फाटक उघडलं.

मंगलला न्यूमोनिया होता. दौंडच्या डॉक्टरांनी तिला लगेच दाखल करून घेतलं, ऑक्सिजन लावला. पहिले दोन दिवस जिवाला घोर होता. अण्णा रोज सकाळ-संध्याकाळ दौंडला जायचे, तिच्या कॉटपाशी स्टुलावर बसायचे आणि तिची छाती वरखाली होताना बघत राहायचे. तिसऱ्या दिवशी तिनं दूध मागितलं. हिराबाईनं अण्णांचे पाय धरले, तेव्हा ते इतके संकोचले की उठून बाहेरच गेले. "माझे कसले धरतेस," म्हणाले, "माझं ऐकलं असतं तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आणि हिराबाईलाही ते पुरं करून नको होतं.

दोन आठवडे दवाखाना बंद राहिला. अण्णा पुण्याला जाऊन कान तपासून आले. खिशात ठेवायची डबी आणि कानापर्यंत वायर असलेलं यंत्र मिळालं. त्यात आईची भांडी तोफांसारखी वाजायची आणि माणसांचं बोलणं थोडंफार यायचं, पण छातीचं नाही. जेवताना एकदा आई म्हणाली, "बंद करायचा का दवाखाना? मास्तरकीचं घराणं आपलं, शिकवण्या घ्या हवं तर." अण्णा हसले, बऱ्याच दिवसांनी. म्हणाले, "ज्याला ऐकू येत नाही तो मास्तर पोरांना फार आवडेल."

नंतर त्यांनी मला एक पुठ्ठा आणायला सांगितला. दौत आणि बोरू घेऊन पडवीत बसले आणि आपल्या वळणदार अक्षरात पाटी लिहिली. ती मला अजून तोंडपाठ आहे. ‘डॉक्टरांना कमी ऐकू येते. कृपया समोर बसून मोठ्याने बोलावे. खोकला व छातीचे दुखणे असणाऱ्यांना तपासणीसाठी दौंडला पाठवले जाईल. याआधी ज्यांची छाती तपासली त्यांनीही पुन्हा दाखवून घ्यावे.’ शेवटची ओळ लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला. आई म्हणाली, "तेवढी नको. लोक काय म्हणतील?" अण्णांनी ती खोडली नाही. पाटी स्वतःच्या हातानं दारावर ठोकली.

बाजारचा दिवस होता. मी मुद्दाम पुढच्या खोलीत बसले होते. एरवी त्या दिवशी बाकावर जागा नसायची. लोक यायचे, पाटीपुढे उभे राहायचे, ज्यांना वाचता यायचं ते बाकीच्यांना हळू आवाजात सांगायचे, आणि घोळका तसाच दारात उभा. आत कुणी येईना. अण्णा टेबलामागे पाठ ताठ करून बसले होते. अकरा वाजले. आईनं एकाच पुडीची घडी पाच वेळा घातली आणि मोडली.

मग घोळक्यातून वाट काढत किसनबाबा आले. ऐंशीच्या घरातले, गुडघ्यांनी वाकलेले, हातात नुकत्याच विकलेल्या म्हशीचा दोर. त्यांना वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय गं पोरी?" त्यांनी मला विचारलं. मी सगळी पाटी वाचून दाखवली, शेवटच्या ओळीसकट. ते ऐकत उभे राहिले. मग दाराच्या चौकटीला धरून त्यांनी घोळक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ह्यात नवं काय हाय? हे तर आमाला समद्यांलाच म्हाईत हुतं. आमाला वाटलं, डॉक्टरलाच म्हाईत न्हाई."

बाहेर कुणीतरी फस्सकन हसलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

मला वाटलं, काहीतरी दुसरंच सांगावं. पण आता दुसरं सांगण्याचे दिवस संपले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि किसनबाबांचं वाक्य जसंच्या तसं, मोठ्यानं, त्यांना सांगितलं.

अण्णा किसनबाबांकडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मी घाबरले, पण ते हसत होते. चष्मा काढून डोळे पुसत त्यांनी विचारलं, "अहो, मग इतके दिवस मला सांगितलं का नाही?"

किसनबाबा आत आले, खुर्ची पुढे ओढून अण्णांच्या अगदी समोर बसले, आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमी कवा इचारलं?"